बिजागरी

टॉर्क सरांनी इंग्रजीत सांगितला,
मी वहीत देवनागरीत उतरवला.
पेठ नाक्यावर एसटीतून उतरलो
की कॉलेजपर्यंत एकच वाक्य घोकायचो:
एक्स्क्यूज मी सर.
तास संपायचा. वाक्य खिशातच.

दुसऱ्या वर्षाची तहसीन पिंजारी
बुधवारी चौदा नंबरच्या खोलीत
आम्हा सात जणांना घेऊन बसायची.
म्हणजे, बसू द्यायचीच नाही.
"ऊठ भोये, दार ढकल. बिजागरीपाशी."
ढकललं. जागचं हललं नाही.
"आता कडेला. एका बोटानं."
दार गेलं ते थेट
व्हरांड्यातल्या शिपायाच्या चहावर.
सगळे हसले. मीसुद्धा,
ऑगस्टपासून पहिल्यांदा.

"आता ओंकारला सांग, असं का."
ओंकार सिडकोचा, इंग्रजी शाळेतला.
मी आमच्या बोलीतच सुरू केलं,
हवेत जातं फिरवत:
खुंटा मदी ठोकला त आई दळल काय?
त्यानं ते लिहून घेतलं,
"खुंटा"खाली रेघ मारून.
तहसीन म्हणाली, हे मला गेल्या वर्षी
कुणी सांगितलं असतं तर.

पाचची गाडी चुकली.
सातच्या गाडीचं दार अडकलेलं,
कंडक्टर बिजागरीपाशी खांदा लावून घामाघूम.
मामा, म्हटलं,
जरा कडेला धरून बघा.