चतुःसीमा

खारेपाटणच्या संग्रहालयात एकच पंखा,
तोही ताम्रपटाकडे तोंड करून.
राजाचं नाव झिजलंय,
राणीचं कोरलंच नव्हतं.
दान दिलेल्या गावाच्या सीमा मात्र ठळक:
पूर्वेस वारूळ, दक्षिणेस व्हाळ,
उत्तरेस वाकडी उंडी,
पश्चिमेस खाडी.

माझ्या पिशवीत दाव्याचा कागद,
आज अडीचला कणकवलीत तारीख.
सावत्र भाऊ विरुद्ध मी, अकरावं वर्ष.
त्यातही तीच ओळ: पश्चिमेस खाडी.

दारापाशी आडवा पडलेला शापाचा दगड.
वर चंद्र-सूर्य, खाली गाढव,
हद्द मोडणाऱ्याच्या कुळाला
जे सांगायचं ते सांगणारं.

शिपाई नारकर त्याच्यावरच डबा उघडून बसलेले.
"बसा," म्हणाले, "सोलकढी आसा."
सरकताना थोडी
शापावर सांडली.