रोयण

बांबोळीच्या तळमजल्यावर माझी खोली.
सकाळी अकराला नमुना आला:
सोयरू वेळीप, वय एकेचाळीस, गावडोंगरी.
मूत्रपिंड बदललेलं, बहिणीचं.
नाकातून काढलेला एवढासा काळा तुकडा.

काचेवर पोटॅशचा थेंब टाकून थांबले.
मांस विरायला वेळ लागतो.
मग दिसली बुरशी,
चुरगळलेल्या रुंद फितींसारखी,
काटकोनात फांद्या फुटलेली.
सुंदर, असं मनात आलं. लगेच लाज वाटली.

हिला मी ओळखते.
पोदेराकडून घेऊन विसरलेल्या पावावर असते ही,
चपलेच्या पट्ट्यावर, ओल धरल्या भिंतीत,
आत्ता माझ्या श्वासातही.
मला काही करत नाही.
माझ्या वेशीवर राखणदार जागा आहे.

त्याचा निजवला होता.
निजवावाच लागतो, सकाळ-संध्याकाळ गोळ्या देऊन,
नाहीतर बहिणीच्या मूत्रपिंडालाच परकं समजून
काठी उगारतो.
आणि निजलेल्याला काय कळणार
पाहुणा कोण, चोर कोण.

वॉर्डला फोन केला. सावकाश, एकेक अक्षर सांगून.
दार उघडलं तर बाकावर बहीण, सुकांती,
एका कुशीला हात धरून, सवयीने.
म्हणाली, "यंदा तो रोयणीवर गेला नाही हां, बाई.
डॉक्टरांनी माती नको म्हटलं, नाही गेला.
मीच गेले."

पिशवीतून सागाच्या पानाचा पुडा काढला.
अळमी. न उमललेल्या कळ्या,
देठांना तांबडी माती.
"घ्या. पणजीत शेकड्याला केवढे घेतात, ठाऊक आहे ना!"

त्याच हातांनी तिने त्याला पेज भरवली असेल?
विचारलं नाही.
कुठून आली, हे कधीच कुणाला कळत नसतं,
आणि हेही तिला सांगितलं नाही.
सांगायचं काम वरच्यांचं.

पुडा घेतला.
सांतेरीच्या अंगावर उगवलेलं नाही म्हणू नये, आई म्हणायची.
रात्री धुतली, तीनदा. मग चौथ्यांदा.
खोबरं भाजलं, वाटलं.
तेव्हा दुसऱ्या मजल्यावर
डोळा ठेवायचा की काढायचा,
यावर बोलणं चाललं होतं.

चव लागली. तीच, दरवर्षीची.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला.
पाव दोनच घेतले.