सेकंडचा माल

हस्त लागला की दिवसा हॉस्टेलचे पत्रे तापायचे
आणि पहाटे पाय आपोआप पोटाशी यायचे.
मग बिराजदार सर स्टोअरची किल्ली शोधायचे,
जी दरवर्षी हरवायची
आणि दरवर्षी त्यांच्याच खिशात निघायची.

डांबरगोळ्यांचा वास व्हरांडाभर.
आम्ही रांगेत, सातवी अ पुढे,
सहामाही आठ दिवसांवर,
डोक्यात लसावि-मसावि,
हाताला नुकत्या घासलेल्या ताटांची राख.

चादरी सेकंडच्या. कुठल्याशा कारखान्याची देणगी.
म्हेत्रेच्या चादरीवर एका पायाचा मोर.
अझीमची निळी किनार अर्ध्यात जांभळी झालेली.
माझ्या चादरीवर गावाचं नाव विणलेलं होतं,
फक्त शेवटचा र नव्हता.
तेव्हापासून मी सोलापू.
सांगोल्याकडचा, डाळिंबाच्या रानातला मी,
आणि नाव पडलं ते हे.

अंबादास बोद्धूल शेजारच्या कॉटवर.
त्याचं घर गच्चीवरून दिसायचं,
म्हणजे घर नाही, घरामागची पाण्याची टाकी.
रविवारी आम्ही फाटकाशी उभे,
एसटीने कुणीतरी येईल,
फडक्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.
त्याच्या घरच्यांना सिटी बसचे तीन रुपये पुरले असते.
कुणी यायचं नाही.
नायना भिवंडीला गेलाय, असं तो सांगायचा.
आई दवाखान्यात आहे, असं सर सांगायचे.
दोघांचंही खरं असावं.
नायना म्हणजे वडील,
तेवढं तेलुगू आम्हाला तोवर यायला लागलं होतं.

त्या रात्री त्याने चादर पांघरली नाही.
मांडीवर घेतली आणि बोटांनी दाबत गेला,
डॉक्टर पोट दाबतात तशी,
इथं दुखतं? इथं?
मग म्हेत्रेची ओढली, अझीमची पायाकडून हळूच,
बॅटरीच्या पिवळ्या उजेडात
अख्ख्या खोलीच्या बारा चादरी.
शेवटी माझी.
र नव्हता तिथे थांबला.
उलटी केली. एक गाठ सापडली, मग दुसरी.
म्हणाला, ‘ही गाठ डाव्या हाताची आहे.’
म्हणाला, ‘कार्ड मालकाचं फाटलेलं,
पैसे नायनाचे कापले.’

मला कळलं त्याला काय हवंय.
त्याने मागितलं नाही, आणि मी तेच धरून बसलो.
म्हटलं, माझा नंबर आहे तिच्यावर, एक्केचाळीस.
‘हो,’ म्हणाला, ‘नंबर आहे.’
घडी घालून परत दिली.
इतकी नीट घडी आमच्या खोलीत
आधी कुणी घातली नव्हती.

दिवे गेले. बंद मिलच्या चिमणीवर चंद्र.
पूर्व भागातून मागांचा आवाज येत होता, खटक खटक,
आम्हाला तो घड्याळासारखा, कानाआड गेलेला.
त्या रात्री मी मोजत बसलो.
मोजता मोजता लक्षात आलं,
शेजारीही कुणी मोजतंय.

पहाटे थंडीने जाग आली.
चादर अंगावरून सरकून दोन कॉटांच्या मध्ये लोंबत होती,
तिचं टोक झोपेतल्या अंबादासच्या मुठीत.
ओढली असती तर आली असती.
मी उठलो, त्याच्या कॉटला लावून
माझी कॉट सरकवली, लोखंड न वाजवता.
वाजलंच थोडं.

सुटीआधी चादरी धुण्यासाठी जमा झाल्या.
सरांनी दोनदा मोजल्या. एक कमी.
‘एक्केचाळीस?’
मी खिडकीबाहेर बघितलं. लिंबावर पोपट होते बरेच.
अंबादासची ट्रंक नीट बंद होत नव्हती,
तो झाकणावर बसला होता.
सरांनी त्या ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
वहीत लिहिलं: उंदरांनी कुरतडली.
मग खिसे चाचपत
किल्ली शोधायला लागले.
ती त्यांच्या हातातच होती.