चहा एक तास उशिरा

मी खालची पापणी ओढते.
आत गुलाबी असायला हवं.
बीबीसाराच्या पापणीत
धुवून धुवून विटलेल्या फडक्याचा रंग.
सातवा महिना.
आमच्या मुयनाकात जिने नाहीत,
पण उंबरा ओलांडला तरी तिला धाप लागते.

बोटाला सुई. थेंब कागदावर.
थेंबाचा रंग पट्टीवरच्या रंगांशी जुळवायचा.
फिकट चौकोनापाशी माझं बोट थांबतं,
मी वहीत आठ लिहिते.
बावीस वर्षं हाच आकडा लिहितेय,
नावं तेवढी बदलतात.

"काय खातेस?"
"नान. चहा. कधी बटाटा."
"आणि?"
ती भिंतीकडे बघते.
चुलीमागे एक खळगा आहे,
नखानं कोरलेला, मूठभर खोल.
"ओली केली की वास सुटतो हो.
लाज वाटते, पण जीभ ऐकत नाही."
मी म्हणते, जीभ खोटं बोलत नाही,
तिला काहीतरी हवंच आहे.
फक्त पत्ता चुकलाय.

दारात सासरे, ओराझबाय.
सारी उमर मासेमारीच्या बोटीवर गेली.
मग समुद्र निघून गेला आणि बोट राहिली,
गावाबाहेर, वाळूत, एका कुशीवर.
"लोखंडच हवंय ना, डॉक्टरीणबाई?"
(मी डॉक्टर नाही, हे सांगून थकले.)
"माझं केवढंतरी पडलंय तिथं.
पोतंभर खरवडून आणू?"
मी हसले. ते हसले नाहीत.

परतताना वारा तोंडावर आला,
दातांत कचकच, गंज की मीठ कोण जाणे.
गावाबाहेर एवढं लोखंड उघड्यावर सडतंय
आणि बाईच्या अख्ख्या अंगात लागतं
जेमतेम एका खिळ्याएवढं.
तो खिळाही आमच्याकडे टिकत नाही.
मिठाचं तसंच.
आभाळातून फुकट पडतं, वाळत घातलेल्या कपड्यांवर,
पण आयोडीनचं मीठ दुकानातून
पाकिटानं आणावं लागतं.

पाण्याचं विचारूच नका.
विहीर खारट. नळ आठवड्यातून दोनदा,
तोही जिभेवर मचूळ रेघ ओढून जातो.
म्हणून चहा. पाण्याची चव झाकायला चहा,
पाहुणा आला चहा, कुणी गेलं तरी चहा,
घासागणिक चहा.
त्यातला तो तुरटपणा, घशाला धरणारा,
पोटात गेला की लोहाचा हात धरतो,
म्हणतो, चल, आपण दोघं बाहेर जाऊ.

"जेवताना चहा बंद. नंतर एक तास थांबायचं."
घर असं गप्प झालं,
जणू मी घराचं दार उत्तरेच्या वाऱ्याकडे
फिरवायला सांगितलं होतं.
सासूबाई म्हणाल्या, "कोरडा घास गिळायचा?"
"टोमॅटो खा. लिंबू मिळालं तर पिळा.
आंबट सोबत असलं की लोहाला दार उघडतं.
गाजर रोज. मटण असेल त्या दिवशी
आधी हिच्या ताटात, मग पुरुषांच्या."
हे शेवटचं वाक्य मी चहापेक्षाही हळू बोलले.
गोळ्या कागदात बांधून दिल्या.
"शौचाला काळं होईल. घाबरू नकोस.
त्याला गंज नको समजूस."

तीन आठवड्यांनी गेले.
खळगा थोडा खोल झालेला. थोडाच.
मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.
दस्तरखानावर नानचे तुकडे,
टोमॅटोच्या बिया, एक चोखलेली लिंबाची फोड.
किटली उकळून उकळून दमलेली.
मी सुई काढली, पण आधी
ओराझबायकडे पाहिलं.
बोटीवरून आणलेलं घड्याळ मांडीवर,
एक हात किटलीवर, पहाऱ्यासारखा.
नातवानं पेला पुढे केला.
त्यांनी काचेवर बोट टेकवलं
आणि खलाशांना सांगावं तसं म्हणाले,
"अजून अकरा मिनिटं."