केसभर

आधी आवाज पूर्ण वाढव, खैरनार म्हणायचे,
मग स्क्वेल्चची खुंटी डावीकडे, शेवटापर्यंत.
येऊ दे खरखर.
पत्र्यावर कुणी बाजरी ओततंय असं वाटेल.
घाबरू नकोस, बेंडकुळे, हे नुसतं आकाश आहे,
त्यात अजून कुणी बोललेलं नाही, इतकंच.

आता उजवीकडे. हळू.
बाजरी थांबली?
थांबली की तूही थांब.
हौसेनं आणखी पिळलीस तर कानाला बरं वाटेल,
पण चांदवडच्या डोंगरामागून येणारा बारीक आवाज
दारातूनच परत जाईल
आणि तो आला होता हेही तुला कळणार नाही.
पुढे गेलीस? मग केसभर मागे ये.

ओझरचा हँगर, डिसेंबर.
रात्रभर द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
सकाळी आठलाही धावपट्टीच्या कडेला बसलेला.
मी सुकेण्याहून स्कूटीवर, बोटं लाकडासारखी,
आणि बाकावर तो जुना संच,
त्याच्या आकड्यांतली मधली काडी मेलेली,
त्यामुळे आठ शून्यासारखा दिसायचा.
डाव्या खिडकीत आत्ताचा आकडा, उजवीत नंतरचा,
मधला बाण दाबला की अदलाबदल.
मला ते बटण फार आवडायचं.

बोलताना आपला आवाज आपल्याच कानात
थोडासा परत यायला हवा, हेही त्यांनीच शिकवलं.
नाही आला तर माणूस ओरडायला लागतो.

खैरनार कँटीनमध्ये ओरडायचे.
चहा मागताना, मीठ मागताना,
नातीचे गणिताचे मार्क सांगताना.
आणि प्रत्येक संचावर मला विचारायचे,
बाजरी थांबली?
मला वाटायचं, परीक्षा घेताहेत.

त्या गुरुवारी ते कॉकपिटमध्ये होते, मी बाकावर.
माझ्या संचावर त्यांचा आवाज आला,
पण टॉवरसाठी नव्हता तो.
फोनवर होते.
“डावा गेलाच म्हणाले. उजवा निम्मा.
नाही, खात्यात नको.
मार्चपर्यंत ओढतो गं, मार्चला सुटतोच आहे.”
बोलायचं बटण आत अडकून बसलेलं,
आणि या यंत्राचा नियम असा
की एकानं दाबून धरलं की बाकीच्यांनी ऐकायचं,
टॉवरनं, वर घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ पोरानं,
मी.
उपाय नाही.

मी धावले. काचेवर थापा मारल्या, त्यांना ऐकू गेल्या नाहीत.
मग पंखावर चढून समोर अंगठा नाचवला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बटणाकडे,
मग पुन्हा माझ्याकडे पाहिलंच नाही.
नखानं उचकटलं.
टक्.

किती वेळ कुणीच बोललं नाही.
मग घसा साफ करून, अगदी पुस्तकातल्यासारखं,
“टॉवर, रेडिओ चेक.”

टॉवरवर ग्रेस पाटोळे, शरणपूरच्या,
जिभेनं कडक, एक शब्द जादा खपवून न घेणाऱ्या.
त्या काहीही म्हणू शकल्या असत्या.
त्या म्हणाल्या, “वाचनीयता पाच.”
आणि मग, कुणी न विचारता,
जरा सावकाश, जरा मोठ्यानं,
“पुन्हा सांगते. पाच.”

वरचा पोरगा त्यानंतरच उतरायची परवानगी मागू लागला.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं:
बटण अडकले होते. स्प्रिंग बदलली. बाकी ठीक.
खैरनारांनी सही केली, चष्मा न लावता.
दुपारी दुसरा संच उघडला त्यांनी,
खुंटी धरली, आणि सवयीनं मान माझ्याकडे वळवली.
मी स्टूल उचलून
त्यांच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं होतं.
“अजून नाही,” मी म्हटलं. “अजून थोडं.
हं.
आता केसभर मागे.”