धुरा

दिवाळीच्या आधीच मी ते बटण बंद केलं होतं.
नीट आठवतं. लाइन आली, पंखा फिरला,
तीन खिडक्या उघडून चौथीत सापडलं.
निळं होतं, राखाडी केलं.
दिवसाला दीड जीबी,
त्यात अख्खं बोरीखुर्द बसवायचं.

आज शटर वर केलं तर
मशीन आपल्याच कामात.
सदतीस टक्के. बंद करू नका.
बाकावर रेणुका उईके,
नर्सिंगच्या फॉर्मचा आज शेवटचा दिवस.
तिच्या बाजूला येणूबाई, निराधारच्या पैशासाठी.
तेंदूपानं तोडून तोडून हिची बोटं इतकी गुळगुळीत
की स्वतःचेच पैसे घ्यायला
पाच-पाचदा अंगठा द्यावा लागतो.

एक वाजून वीस मिनिटांनी ते थांबलं.
मी आधी तिथंच गेले.
निळं.
जणू आमचं बोलणं झालंच नव्हतं.

आमच्याकडे धुरा असाच सरकतो.
रात्री. वीतभर.
सकाळी दगड जागच्या जागी दिसतो,
फक्त तुरीचं एक तास कमी भरतं.

"कोनं केलं वं हे?" येणूबाईनं विचारलं.
कंपनीनं, म्हटलं.
"मंग तुया अंगठा मांगतला का तिनं?"

रेणुका हसली, मग घड्याळाकडे बघून गप्प झाली.

मी बटण परत राखाडी केलं.
रागारागात नेटची वायरही उपटली.
येणूबाईनं पदराला अंगठा पुसला,
काचेवर ठेवला,
आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी वायर परत लावली.