शून्य लावताना

बोहरी आळीत, बादल्यांच्या दुकानाला लागून
मुर्तझाभाई काटे दुरुस्त करतात.
कॉलेजचा जुना काटा मी रिक्षातून
मांडीवर धरून आणला, काचपेटीसकट.

ते पंखा बंद करतात. श्वास आवरतात.
सुई मधोमध थांबते.
तेवढ्यात समोरच्या स्टीलच्या डब्यांवरून परतलेलं ऊन
डाव्या पारड्यात येऊन बसतं
आणि सुई सरकते.

"बघा," मी म्हणतो (शिकवायची खोड जात नाही),
"प्रकाश ढकलतो. फार थोडं, पण ढकलतो."
"ही हवा हो सर, तापलेली.
उन्हाच्या नावावर खपवू नका."

खरं आहे. मी पाठकोऱ्या बिलावर गणित मांडतो:
मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
एप्रिलातलं भर दुपारचं ऊन
सगळंच्या सगळं शोषलं, तरी त्याचा भार
खसखशीच्या एका दाण्याएवढा.

"दाणा?"
गेल्याच आठवड्यात मोतीबिंदू काढलाय,
काळ्या चष्म्याआड डोळा पाझरतो.
"पट्टी सोडली तेव्हा तर
अख्खी भिंत अंगावर आली."

मग उठून शटर निम्मं खाली ओढतात.
शून्य सावलीतच लावायचं असतं.
त्यांचं बोट स्क्रूवर, केसभर इकडे,
केसभर तिकडे. बराच वेळ
कोणी बोलत नाही.

परतताना लक्ष्मी रोडच्या सिग्नलला
पेटीवर ऊन पडलं.
मी रुमाल पसरला.
काटा अडकवलेला होता,
तरीही.